अरविंद नेत्र रुग्णालय, मदुराई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्मादाय रुग्णालय काढायचे मनात असलेली मंडळी, जुन्या न्यासांचे विश्वस्त आणि आरोग्यसेवेचा अभ्यास करणारे विद्यार्थी यांच्या बोलण्यात मदुराईच्या 'अरविंद'चे नाव हमखास निघते. सोबत येणारे प्रश्नही ठरलेले असतात. 'मोफत देऊन त्यांना परवडते कसे?' हा त्यांतला पहिला. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे पान.

हे रुग्णालय कोणी आणि केव्हा सुरू केले?

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली तमिळनाडूतील मदुराई येथे हे रुग्णालय सुरू केले. त्या वेळी तेथे ११ खाटा होत्या. डॉक्टर नुकतेच सरकारी नोकरीतून वयोमानानुसार निवृत्त झाले होते आणि त्यांच्यासोबत होती ती त्यांचीच भावंडे, बहिणीचे यजमान आणि घरातली इतर माणसे. रुग्णालय चालवण्यासाठी गोवेल ट्रस्ट या नावाचा विनानफा न्यास स्थापन करण्यात आला. केंद्र सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही १९७६ सालीच सुरू झाला. देशातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू होते आणि ते अंधत्व एका शस्त्रक्रियेने जाऊ शकत होते. शस्त्रक्रिया करणारे हात मात्र कमी आणि रांग फार मोठी, अशी परिस्थिती होती.

डॉ. वेंकटस्वामी कोण होते?

त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१८ रोजी वडमलापुरम या तमिळनाडूतील खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. गावातील बाळंतपणांत दगावलेल्या बायका लहानपणी पाहिल्यामुळे त्यांना प्रसूतितज्ज्ञ व्हायचे होते. मद्रासच्या स्टॅनले वैद्यकीय महाविद्यालयातून १९४४ साली पदवी घेऊन ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. परंतु ऐन तारुण्यात त्यांना संधिवाताने गाठले, तोही साधासुधा नव्हे, तर सांधे कायमचे वाकवून टाकणारा आमवात. अनेक महिने ते अंथरुणाला खिळून होते. लष्करातून बाहेर पडावे लागले आणि त्या बोटांनी बाळंतपणे करणे शक्य नसल्याने प्रसूतिशास्त्रही सुटले.

मग त्यांनी नेत्रशास्त्र घेतले. वाकड्या बोटांचा माणूस शरीरातल्या सर्वांत नाजूक अवयवावर शस्त्रक्रिया करायला निघाला, हे ऐकून आजही लोक चकित होतात. त्यांनी स्वतःच्या बोटांना बसतील अशी उपकरणे करून घेतली, पात्याची पकड नव्याने शिकली आणि पुढे स्वतःच्या हातांनी एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. मदुराईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख असताना त्यांनी खेडोपाडी नेत्रशिबिरे घेण्याचा धडाका लावला होता. १९७३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते अविवाहित राहिले. ७ जुलै २००६ रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेतील सगळे त्यांना 'डॉ. व्ही.' म्हणत.

'अरविंद' हे नाव का दिले?

योगी आणि तत्त्वज्ञ श्री अरविंदांवरून. डॉ. वेंकटस्वामी हे श्री अरविंद आणि त्यांच्या आध्यात्मिक सहकारी माताजी यांच्या विचारांचे अनुयायी होते आणि पुदुच्चेरीच्या आश्रमाशी त्यांचा निकटचा संबंध होता. डोळ्यात बसवायची कृत्रिम भिंगे तयार करणाऱ्या संस्थेच्या कारखान्याच्या 'ऑरोलॅब' या नावातही 'ऑरो' आहे ते याचमुळे.

सुरुवातीचे भांडवल कोठून आले?

कुटुंबातून. निवृत्त सरकारी डॉक्टरच्या, बहुतांश रुग्णांकडून पैसे न घेणाऱ्या रुग्णालयाला कर्ज देण्यास कोणती बँक उत्सुक असणार? घर गहाण पडले, दागिने गेले, भावंडांनी आपापली पुंजी ओतली. बहीण डॉ. जी. नाच्चियार आणि त्यांचे पती डॉ. पी. नंपेरुमाळसामी हे दोघेही नेत्रतज्ज्ञ होते. शस्त्रक्रियेची आणि पुढे प्रशिक्षणाची मोठी जबाबदारी त्यांच्यावर आली. भाऊ जी. श्रीनिवासन यांनी बांधकाम आणि हिशेबाची बाजू सांभाळली. संस्थेचा पैन् पैचा हिशेब घरातलाच माणूस पाहत असल्यामुळे उधळपट्टीला जागा उरली नाही, हे पुढच्या सगळ्या वाटचालीत जाणवते.

या आरंभाबद्दल बोलताना एक गोष्ट हटकून निसटते. पैसे भरणारे रुग्ण पहिल्या दिवसापासून होते. आधी मोफत सेवा सुरू करायची आणि मग ती चालावी म्हणून देणग्यांच्या पावत्या फाडत फिरायचे, असा क्रम तेथे कधीच नव्हता.

रुग्णालय कसकसे वाढत गेले?

पुढच्या एक-दोन वर्षांतच खाटा वाढवाव्या लागल्या आणि मोफत रुग्णांसाठी वेगळी जागा करावी लागली. १९८१ साली मदुराईतील मुख्य इमारत उभी राहिली आणि १९८४ साली मोफत रुग्णांसाठी मोठे स्वतंत्र रुग्णालय तयार झाले. त्यानंतर मदुराईबाहेर १९८५ साली तेनी, १९८८ साली तिरुनेलवेली, १९९७ साली कोइंबतूर आणि २००३ साली पुदुच्चेरी असा विस्तार झाला. चेन्नईचे रुग्णालय २०१७ साली आणि आंध्र प्रदेशातील तिरुपतीचे २०१९ साली सुरू झाले. दरम्यान १९९२ साली ऑरोलॅब हा कारखाना निघाला आणि इतर रुग्णालयांना शिकवणारी लायको ही संस्था लायन्स क्लबच्या साहाय्याने उभी राहिली. आता सगळ्या शाखा मिळून वर्षाला चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया आणि लेसर उपचार होतात. २०१० साली संस्थेला कॉनराड हिल्टन मानवतावादी पुरस्कार मिळाला.

तारखांपेक्षा त्यांमधले अंतर पाहण्यासारखे आहे. पहिल्या अकरा खाटांपासून पाचवे मोठे रुग्णालय उभे राहीपर्यंत २७ वर्षे गेली. आधीच्या रुग्णालयाच्या शिलकीतून पुढचे उभे करायचे, ही चाल त्यांनी फारशी मोडली नाही.

मोफत कोणाला मिळते आणि ते कोण ठरवते?

रुग्णच ठरवतो. हे उत्तर महाराष्ट्रातील वाचकांना सर्वांत विचित्र वाटते. उत्पन्नाचा दाखला, पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड, तहसीलदाराची सही यांपैकी काहीही मागितले जात नाही. पैसे भरण्याच्या विभागात जायचे की मोफत अथवा नाममात्र शुल्काच्या विभागात, हे ज्याचे त्याने निवडायचे. शिबिरातून आलेल्या रुग्णांना तपासणी, शस्त्रक्रिया, भिंग, जेवण आणि प्रवास यांपैकी कशाचेच पैसे द्यावे लागत नाहीत. ढोबळमानाने निम्म्या किंवा त्याहून अधिक शस्त्रक्रिया मोफत अथवा मोठ्या सवलतीत होतात.

मग सुखवस्तू माणसे मोफत विभागात घुसत नाहीत का? काही जात असतीलच. परंतु तेथे खोली मिळत नाही. मोठ्या दालनात चटईवर झोपावे लागते आणि भिंगाचे प्रकार निवडण्याची सोय नसते. पैसे भरणाऱ्याला स्वतंत्र खोली, अधिक आधुनिक शस्त्रक्रिया आणि घडीच्या, म्हणजे घडी करून लहान छेदातून डोळ्यात घालता येणाऱ्या भिंगाची निवड मिळते. ऐपत असणारा माणूस आपणहून त्या बाजूला जातो. दाखले तपासायला कारकून बसवण्यापेक्षा थोड्या फुकट्यांना सोसणे स्वस्त पडते, हा यातला व्यवहार आहे आणि गरिबाला आपली गरिबी सिद्ध करत बसावे लागत नाही, हा त्याहून मोठा लाभ आहे.

इतके मोफत देऊन खर्च भागतो कसा?

देणग्यांवर भागतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मोतीबिंदू शस्त्रक्रियांसाठी स्वयंसेवी रुग्णालयांना जे ठरावीक अनुदान मिळते तेवढे 'अरविंद'लाही मिळाले आहे. परदेशी संस्थांनी प्रशिक्षण, संशोधन आणि यंत्रसामग्रीसाठी मदत केली आहे. परंतु रोजचा गाडा रुग्णांच्या शुल्कावर चालतो आणि वर शिल्लकही उरते. हे शुल्क बाजारातल्या खाजगी रुग्णालयांपेक्षा जास्त नसते. म्हणजे श्रीमंताकडून जबर पैसे घेऊन गरिबावर खर्च करायचे, असाही हा प्रकार नाही. खरी किल्ली एका शस्त्रक्रियेचा खर्च खाली आणण्यात आहे आणि ते पाहायचे तर शस्त्रक्रियागृहातच डोकवावे लागते.

तेथे एका शल्यविशारदाला दोन टेबले असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण झोपवून, डोळा स्वच्छ करून, वर निर्जंतुक कापड घालून तयार ठेवलेला असतो. दोन्ही टेबलांवर परिचारिका आणि उपकरणांचे ताट वेगवेगळे. शेवटची हालचाल झाली की डॉक्टर सूक्ष्मदर्शकाचा हात दुसऱ्या टेबलाकडे वळवतात, स्वतःचे स्टूल फिरवतात आणि पुढचा छेद घेतात. मधली मिनिटे जवळजवळ नाहीतच. पहिल्या टेबलावरच्या रुग्णाला पट्टी बांधून उठवणे, त्याला हाताला धरून बाहेर नेणे, तिसऱ्याला आणून झोपवणे ही कामे डॉक्टरांच्या वाट्याला येत नाहीत. सरावलेला शल्यविशारद या रीतीने तासाला सहा ते आठ शस्त्रक्रिया करतो आणि वर्षाला २,००० च्या आसपास. देशातील सर्वसाधारण नेत्रतज्ज्ञाच्या आकड्याची ही कित्येक पट झाली. डॉक्टरचा पगार, सूक्ष्मदर्शकाची किंमत, इमारतीची देखभाल हा सगळा स्थिर खर्च इतक्या मोठ्या संख्येत वाटला गेला की दर डोळ्यामागचा आकडा खाली येतो.

डॉ. वेंकटस्वामी यासाठी मॅकडोनाल्ड्सचा दाखला देत. जगात कोठेही त्याच चवीचा बर्गर त्याच रीतीने तयार होऊ शकतो, तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया का नाही, असे ते विचारत. योग आणि बर्गर एकाच माणसाच्या बोलण्यात यावेत याची पाहुण्यांना गंमत वाटे, पण ते पूर्ण गांभीर्याने बोलत.

या हिशेबात मोफत रुग्णाकडे केवळ खर्च म्हणून पाहता येत नाही. त्याच्यामुळेच संख्या भरते, संख्येमुळे डॉक्टरांचा हात बसतो, हात बसल्यामुळे नाव होते आणि नाव झाल्यामुळे पैसे भरणारा रुग्ण लांबून येतो. मोफत रुग्ण कमी केले तर पैसे भरणाऱ्याचे शुल्कच वाढवावे लागेल. आपल्याकडच्या विश्वस्त मंडळांच्या बैठकांत 'फ्री'चा आकडा तोट्याच्या रकान्यात मांडला जातो, तेथे हा मुद्दा सहसा कोणाला पटत नाही.

एवढ्या वेगाने केलेली शस्त्रक्रिया सुरक्षित असते का?

प्रश्न रास्त आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग ही सर्वांत भीतीदायक गुंतागुंत. तिच्यात दृष्टी कायमची जाऊ शकते. 'अरविंद'ने आपले आकडे वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले आहेत. सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडल्यावर संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आले, म्हणजे दहा हजारांत सातावरून दोनावर. कोणत्याही सधन देशातील रुग्णालयाने मिरवावेत असे हे आकडे आहेत.

त्यातून एक वेगळीच गोष्ट पुढे आली. पाश्चात्त्य रुग्णालयांत एकदा वापरून फेकून दिल्या जाणाऱ्या अनेक वस्तू येथे निर्जंतुक करून पुन्हा वापरल्या जातात. परिणामी एका शस्त्रक्रियेमागचे कार्बन उत्सर्जन ब्रिटनमधील तशाच शस्त्रक्रियेच्या सुमारे ५ टक्केच भरते, असे २०१७ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले. काटकसर म्हणून सुरू झालेली पद्धत आता पर्यावरणाच्या चर्चेत उदाहरण म्हणून सांगितली जाते.

भिंगाचा कारखाना काढण्याची गरज का पडली?

या संस्थेच्या वाटचालीतील हा सर्वांत बोलका भाग आहे. जुन्या पद्धतीत मोतीबिंदू म्हणजे डोळ्याचे गढूळ झालेले नैसर्गिक भिंग सबंध काढून टाकत आणि त्याची उणीव भरून काढायला रुग्णाला जाड भिंगाचा चष्मा देत. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा घातलेले आजी-आजोबा ज्यांनी पाहिले असतील, त्यांना आठवेल की त्या चष्म्यातून समोरचे मोठे दिसे, बाजूचे दिसतच नसे, पायरी चुके. आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. 'मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू' हे वाक्यही त्याच काळातले.

पुढे डोळ्यातच बसवायचे कृत्रिम भिंग आले आणि चित्र पालटले. परंतु १९८० च्या दशकाअखेर हे आयात भिंग शंभर डॉलरच्या घरात पडत होते. त्यामुळे 'अरविंद'मध्ये पैसे भरणाऱ्याच्या डोळ्यात भिंग आणि मोफत रुग्णाच्या नाकावर जाड चष्मा, अशी उघड विषमता तयार झाली. उपचार फुकट मिळत होता, पण तो दुय्यम होता. धर्मादाय संस्थांना ही तडजोड सहज पचते; गरिबाला काहीतरी मिळाले ना, असे म्हणून विषय मिटवता येतो. येथे तो मिटवला गेला नाही. सेवा फाउंडेशन ही अमेरिकी संस्था आणि सामाजिक उद्योजक डेव्हिड ग्रीन यांच्या मदतीने तंत्रज्ञान मिळवून १९९२ साली ऑरोलॅब सुरू झाली. भिंगाची किंमत सुरुवातीला दहा डॉलरच्या आसपास आली आणि पुढे आणखी बरीच खाली गेली. त्यानंतर मोफत रुग्णालाही भिंग बसवणे शक्य झाले. आज ऑरोलॅबची भिंगे, टाके आणि औषधे शंभराहून अधिक देशांत जातात, म्हणजे या स्वस्ताईचा फायदा मदुराईच्या बाहेरच अधिक लोकांना झाला.

शस्त्रक्रिया मोफत असूनही लोक येत नाहीत, असे खरोखर घडले का?

घडले, आणि अनेक वर्षे घडले. शिबिरात मोतीबिंदू असल्याचे सांगितलेले कितीतरी लोक शस्त्रक्रियेला येतच नसत. कारणे विचारल्यावर कळले की शस्त्रक्रिया फुकट असली तरी बसचे भाडे, बाहेरचे जेवण, सोबत येणाऱ्या मुलाची बुडणारी मजुरी हे सगळे फुकट नव्हते. त्याखेरीज भीती होती. 'आता या वयात काय करायचे आहे दिसून' हेही होते, आणि म्हाताऱ्यांपेक्षा ते घरच्यांच्या तोंडी अधिक असे.

मग पद्धत बदलली. शाळांच्या वर्गांत शस्त्रक्रिया करणारी जुनी शिबिरे बंद झाली. शिबिरात फक्त तपासणी आणि निवड, आणि निवडलेल्यांना त्याच दिवशी संस्थेच्या बसने थेट रुग्णालयात नेणे सुरू झाले. जाणे, राहणे, जेवणे, परत आणून सोडणे हे सगळे मोफत. एकाच गावची माणसे एकत्र गेली की भीती निम्मी होते. गावातील शिबिराची जाहिरात, मंडप आणि जेवणखाण यांचा भार स्थानिक पुरस्कर्ता उचलतो. तो लायन्स किंवा रोटरी क्लब असेल, गिरणी असेल, बँक असेल किंवा देवस्थानही असेल. सुमारे महिन्याभराने त्याच गावात फेरतपासणी होते.

शिबिरे पुरेशी होती का?

नव्हती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की शिबिर भरलेल्या भागातही नेत्रसेवेची गरज असलेल्यांपैकी जेमतेम ७ टक्के लोक शिबिरापर्यंत पोहोचत होते. शिबिरांच्या संख्येवर स्वतःची पाठ थोपटून घेण्याच्या काळात हा आकडा पचवणे सोपे नव्हते.

त्यावर उपाय म्हणून छोटी कायमस्वरूपी दृष्टिकेंद्रे निघाली. बाजाराच्या गावी भाड्याच्या दोन-तीन खोल्या, आत डोळे तपासण्याचा स्लिट लॅम्प, चष्म्याच्या चौकटींचे एक कपाट, संगणक आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ मुली. तपासणी त्या करतात, नोंदी आणि छायाचित्रे मुख्य रुग्णालयातील डॉक्टरांना जातात, आणि डॉक्टर तेथूनच पडद्यावर रुग्णाशी बोलून निर्णय देतात. बहुतेकांचे काम चष्म्यावर किंवा औषधाच्या थेंबांवर भागते. थोड्यांनाच शहरात जावे लागते. अशी शंभराहून अधिक केंद्रे आता चालू आहेत. मधुमेहींच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे संगणकाकडून वाचून घेण्याच्या गूगलच्या संशोधनातही 'अरविंद'ची छायाचित्रे वापरली गेली.

रुग्णालयात दिसणाऱ्या निळ्या-हिरव्या साड्यांतील मुली परिचारिका आहेत का?

रूढ अर्थाने नाहीत. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी कुटुंबांतून बारावी झालेल्या मुली निवडून त्यांना दोन वर्षे संस्थेतच शिकवले जाते. निवडीच्या वेळी आईवडिलांशीही बोलणे होते. दृष्टी मोजणे, डोळ्याचा दाब पाहणे, भिंगाचा नंबर काढणे, शस्त्रक्रियेत साहाय्य करणे, रुग्णाचे समुपदेशन ही कामे वेगवेगळ्या गटांना वाटून दिलेली असतात आणि प्रत्येक मुलगी आपल्या कामात तरबेज होते. संस्थेतील निम्म्याहून अधिक मनुष्यबळ यांचेच आहे. डॉक्टरने फक्त तेच करावे जे डॉक्टरलाच करता येते, ही शिस्त यांच्यामुळे टिकते. तमिळ खेड्यातून आलेल्या आजीला तिच्याच बोलीत, नातीच्या वयाची मुलगी समजावून सांगते, याचे मोल मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

डॉक्टरांना दर शस्त्रक्रियेमागे पैसे मिळतात का?

नाही. पगार ठरलेला असतो. त्यामुळे पैसे भरणारा रुग्ण आणि मोफत रुग्ण यांत डॉक्टरच्या खिशाच्या दृष्टीने फरक उरत नाही. एकच डॉक्टर आळीपाळीने दोन्हीकडे काम करतात. प्रशिक्षण घेऊन बाहेर पडणारे तरुण डॉक्टर पुष्कळ आहेत, हेही खरे. संस्थेने ते गृहीत धरले आहे आणि शिकवणे चालू ठेवले आहे.

या पद्धतीवर आक्षेप कोणते आहेत?

पहिला आक्षेप दोन दर्जांचा. पैसे भरणाऱ्याला यंत्राने मोतीबिंदू विरघळवून काढण्याची फेको पद्धत आणि घडीचे भिंग मिळते, तर मोफत रुग्णाची शस्त्रक्रिया बहुधा हाताने, लहान छेदातून, बिनटाक्याची होते. दोन्हींचे अंतिम निकाल जवळपास सारखे असल्याचे तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे, परंतु फरक आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप कुटुंबाचा. संस्थापकांची भावंडे, भाचे, पुतणे, सुना अशा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतले अनेक नेत्रतज्ज्ञ संस्थेच्या नेतृत्वात आहेत. याला कोणी घराणेशाही म्हणेल. मला वाटते, या घराण्याने पगारावर राहून पिढ्यान् पिढ्या तेच काम केले, ही बाबही त्याच वाक्यात लिहिली पाहिजे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा सगळा डोलारा खेड्यातील तरुण मुलींच्या बेताच्या पगारावर आणि कडक शिस्तीवर उभा आहे आणि शिक्षणाच्या व नोकरीच्या इतर वाटा खुल्या होतील तसतशा या मुली मिळणे अवघड होत जाईल. याचे पक्के उत्तर अजून कोणाकडे नाही.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांची योजना आणि ही पद्धत यांत काय फरक आहे?

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या, २००६ सालापासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. देयकांच्या रकमेतील २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करून त्यातून हा खर्च भागवायचा असतो. रुग्णाने उत्पन्नाचा पुरावा द्यायचा असतो.

योजना आवश्यक आहे आणि तिच्यामुळे अनेकांचे प्राण वाचले आहेत. परंतु तिच्यात मोफत रुग्ण हा कायद्याने घातलेला कोटा ठरतो आणि कोट्याच्या बाबतीत माणसाचा स्वभाव तो कमीत कमी भरण्याचा असतो. कागदपत्रांसाठी फेऱ्या मारणारे नातेवाईक आणि 'चॅरिटीची खाट शिल्लक नाही' हे खिडकीवरचे उत्तर ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. मदुराईत कोटाच नाही, कारण तेथे मोफत रुग्ण जास्त आल्याने गणित बिघडत नाही. अर्थात तेथे फक्त डोळ्यांचे उपचार होतात. हृदय, मेंदू, अपघात, नवजात बालके असे सर्व सांभाळणाऱ्या रुग्णालयाशी सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल.

मग इतर आजारांसाठी ही पद्धत चालणार नाही का?

जशीच्या तशी नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया छोटी, ठरावीक आणि भूल फक्त डोळ्यापुरती देऊन होणारी आहे. अतिदक्षता विभाग लागत नाही आणि रुग्ण लवकर घरी जातो. त्यातही बरा झालेला रुग्ण दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत गावात जातो आणि तोच सर्वांत मोठी जाहिरात ठरतो. कर्करोगाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाबाबत यांतले जवळजवळ काहीच लागू पडत नाही. कामाची वाटणी, डॉक्टरचा वेळ वाचवणे, खर्चाचा बारीक हिशेब या गोष्टी मात्र कोठेही उचलता येतात. प्रसूती, दंतोपचार, डायलिसिस अशा ठरावीक क्रमाने चालणाऱ्या सेवांत तर नक्कीच. ज्यांनी केवळ 'मोफत' उचलले आणि संख्या उभी केली नाही, त्यांची गाडी दोन-तीन वर्षांत पुन्हा देणगीदारांच्या दारात उभी राहते.

महाराष्ट्राचा 'अरविंद'शी काही संबंध आला आहे का?

आला आहे. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने ज्या सात राज्यांत मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्प राबवला गेला त्यांत तमिळनाडूबरोबर महाराष्ट्रही होता. भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया सरकारी शल्यविशारदांना शिकवणे हा त्याचा मोठा भाग होता आणि त्या प्रशिक्षणाच्या केंद्रांत 'अरविंद' होते. जाड चष्म्याचा जमाना आपल्या जिल्हा रुग्णालयांतून ओसरला तो साधारण त्याच सुमारास.

आमच्या न्यासाला ही पद्धत शिकायची असल्यास काय करावे लागते?

लायको हेच काम करते आणि देशातील व देशाबाहेरील शेकडो नेत्ररुग्णालयांनी तिचे मार्गदर्शन घेतले आहे. आपल्या पद्धती, नमुने, आकडे ती मोकळेपणाने देते; शेजारचे रुग्णालय सुधारले तर आपले रुग्ण तुटतील, ही भीती तेथे दिसत नाही. प्रथम लायकोची माणसे रुग्णालयाला भेट देऊन परिस्थिती पाहतात, त्यानंतर रुग्णालयाच्या निवडक मंडळींना मदुराईला बोलावून आठवडाभर बसवतात आणि पुढे ठरलेल्या उद्दिष्टांचा पाठपुरावा करतात. एकट्या अध्यक्षांनी जाऊन भारावून परत येण्याचा उपयोग होत नाही. शल्यविशारद, व्यवस्थापक आणि परिचारिकांच्या प्रमुख असे सगळे मिळून जावे लागते आणि जाताना गेल्या काही वर्षांतील बाह्यरुग्ण विभागाचे व शस्त्रक्रियांचे महिनावार आकडे, मोफत आणि सशुल्क असे वेगवेगळे काढून, सोबत न्यावे लागतात.